पुढच्या दातांवरचे तपकिरी पट्टे आणि सहा कॅपांचा सल्ला : काय करावे?

पैनगंगाकाठ

नमस्कार. मी किनवट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे आणि हा मजकूर तिला वाचून दाखवून, तिच्या संमतीनेच येथे टाकत आहे. तिचे वय २३ आहे. आम्ही लहान असल्यापासून घरात अंगणातल्या बोअरचेच पाणी प्यायले जाते. आम्हा दोघांच्याही वरच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढुरके आडवे पट्टे असून त्यांच्या मधोमध तपकिरी डाग आहेत. माझे मिशीने निभावून नेले, म्हणून मी कधी मनावर घेतले नाही. ती मात्र हसू आले की ओढणीचे टोक तोंडाशी नेते, आणि घरातल्या अल्बममध्ये सातवीनंतरच्या एकाही फोटोत तिचे ओठ उघडे नाहीत. हे तिनेच दाखवून देईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

तिचे लग्न वैशाखात आहे. मागच्या आठवड्यात आम्ही शहरातील एका दवाखान्यात गेलो. तेथे दोन मिनिटे पाहून सांगण्यात आले की वरचे पुढचे सहा दात घासून त्यांवर कॅप बसवू, आठ दिवसांत काम होईल आणि दात मोत्यासारखे दिसतील. दात दुखत नाहीत, कीड नाही, हलत नाहीत. धडधाकट दात घासायचे म्हटल्यावर माझा जीव धजावला नाही आणि आगाऊ रक्कम न भरताच आम्ही परत आलो. हे डाग सफाईने जातील काय? कॅपशिवाय दुसरा मार्ग आहे काय? शेजारच्या काकू लिंबू-मीठ सांगतात, तर बहिणीने कोळशाच्या पावडरीची डबी मागवून ठेवली आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदातीर

गुरुजी, राग मानू नका, पण सासरच्या मंडळींनी अट घातली आहे काय? तसे असेल तर दातांआधी त्या सोयरिकीचा विचार करावा. आमच्या भागात निम्म्या गावाचे दात असेच आहेत आणि त्यांचे संसार उत्तम चालले आहेत.

पैनगंगाकाठ

नाही दादा, अट कोणाचीही नाही. जावयांना तर डाग दिसलेही नसावेत, कारण ती त्यांच्यासमोर अजून मोकळेपणाने हसलेलीच नाही. इच्छा तिची स्वतःची आहे आणि नोकरीच्या पहिल्या पगारापासून तिने त्यासाठी पैसे बाजूला ठेवले आहेत.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला. चौदा वर्षांपूर्वी माझ्याही लग्नाआधी अशीच घाई झाली होती आणि चार दातांवर कॅप बसवून घेतल्या होत्या. आतून धातू आणि वरून चिनी मातीचा थर, अशा त्या होत्या. लग्नाच्या फोटोत दात फार छान दिसतात, हे मान्य केले पाहिजे. पहिली काही वर्षे तक्रार नव्हती. मग हिरड्या थोड्या वर सरकल्या आणि प्रत्येक कॅपच्या मुळाशी काळसर रेघ दिसू लागली. ती रेघ म्हणजे आतल्या धातूची कड होती. पुढे एका दातात ठणका सुरू झाला, त्याची कॅप कापून रूट कॅनॉल करावे लागले आणि वर्षभरात शेजारच्या दाताचीही तीच गत झाली. आता चारही कॅप बदलून झिरकोनियाच्या, म्हणजे धातूची कड नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या, बसवल्या आहेत.

कॅप उतरवल्यावर डॉक्टरांनी आरसा हातात दिला, तेव्हा जे दिसले ते अजून डोळ्यांपुढे आहे. चार दातांच्या जागी चार बारीक खुंट उभे होते, उसाच्या कापलेल्या बुडख्यासारखे. माझ्या मूळच्या दातांवर फक्त पिवळसर डाग होते. त्यांच्यासाठी एवढे कापण्याची गरज नव्हती, हे मला बाराव्या वर्षी कळले. बहिणीला सांगा, की एकदा कॅप घातली की तो दात जन्मभर कॅपचाच होतो, ती बदलत राहावी लागते आणि दर खेपेस दात थोडा कमी होत जातो.

दंतवैद्य_लातूर

तोंड न पाहता निदान करू नये, हे आधीच सांगतो. तरीही गुरुजींनी केलेल्या वर्णनावरून हा दातांचा फ्लोरोसिस, म्हणजे लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडलेले डाग, असण्याची शक्यता बरीच आहे. घरच्या घरी पाहता येईल अशी एक खूण सांगतो. फ्लोरोसिसचे पट्टे जोडीने असतात. उजव्या दातावर ज्या उंचीवर पट्टा असतो, साधारण त्याच उंचीवर तो डाव्या जोडीदारावरही असतो, कारण ते दोन्ही दात हिरडीच्या आत एकाच सुमारास घडत असतात. डाग एकाच दातावर असेल तर लहानपणी पडून दुधाच्या दाताला मार लागला होता काय, हे आईला विचारावे. एकच दात दिवसेंदिवस काळवंडत गेला असेल तर आतली नस मेलेली असू शकते, आणि तिथे आधी रूट कॅनॉल करून मग दाताच्या आतून ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने उजळवण्याचे काम, करावे लागते. सगळ्याच दातांवर राखाडी-पिवळी छटा असेल तर बालपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची चौकशी करावी. दिसायला सगळे डागच, पण प्रत्येकाचा उपचार वेगळा, आणि म्हणून दोन मिनिटांच्या तपासणीत सहा कॅप सुचवणे मला पटत नाही.

वरच्या मधल्या दोन कायमच्या दातांचे कवच, म्हणजे इनॅमल, मूल तीन-चार महिन्यांचे असताना घडू लागते आणि चार-पाच वर्षांचे होईतो घडत राहते. तो दात दिसतो मात्र सातव्या-आठव्या वर्षी. तुमच्या बहिणीच्या दातांवर आज जे दिसते आहे, ते तिने पाळण्यापासून अंगणवाडीपर्यंत प्यायलेले पाणी आहे. डाग कवचाच्या आत असल्यामुळे स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यातील सफाईने, जाणार नाहीत. स्केलिंगने कीटण आणि चहा-सुपारीचे वरवरचे डाग निघतात, आणि कोणत्याही उपचाराआधी ते करून घ्यावेच. त्याने दात हलू लागतात हा समज चुकीचा आहे. कीटणामुळे आधीच सैल झालेले दात, ते कीटण काढल्यावर जाणवतात एवढेच. लिंबू आम्ल असल्यामुळे कवच विरघळवते, मीठ आणि कोळसा ते खरवडतात. कवच पातळ झाले की खालचे मूळचे पिवळे डेंटिन अधिकच दिसू लागते. ती डबी परत पाठवता आली तर पाहा.

मार्गांचा क्रम मी असा लावतो, की ज्यात दात सर्वांत कमी जातो तो उपाय आधी. तपकिरी डागासाठी मायक्रोअॅब्रेजन चांगले. त्यात ओठ-हिरड्या झाकण्यासाठी रबराचा पडदा लावून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक पूड यांची पेस्ट रबरी कपाने दातावर थोडा थोडा वेळ फिरवतात. यात कवचाचा साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपासचा थर जातो. धारेकडे कवच जवळपास एक मिलिमीटर जाड असते आणि हिरडीकडे ते बरेच पातळ होत जाते, म्हणून हेही काम बेताने करायचे असते. हे आम्ल घरी वापरण्याचे नाही, कृपया कोणी प्रयोग करू नये.

त्यानंतर उरलेली छटा एकसारखी करण्यासाठी ब्लीचिंग येते. दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून देतात आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून तो रात्री लावायचा असतो. फ्लोरोसिसमध्ये काही आठवडे धीर धरावा लागतो. या काळात थंड पाण्याने सणक जाते आणि ती बहुधा तात्पुरती असते. गरोदरपणात व अठरा वर्षांखाली हे शक्यतो करू नये. ब्लीचिंगचा परिणाम खऱ्या दातावरच होतो. कॅप किंवा भरलेले सिमेंट तसूभरही उजळत नाही.

पांढऱ्या खडूसारख्या पट्ट्यांसाठी रेझिन, म्हणजे राळेसारखा पातळ द्रव, मुरवण्याचीही एक पद्धत आहे. गुरुजी विज्ञान शिकवत असतील तर त्यांना यात रस वाटेल. निरोगी कवचाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.६२ असतो. सच्छिद्र पट्ट्यात पाणी असेल तर तो तिथे १.३३ आणि हवा असेल तर १ होतो, म्हणून प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. त्या छिद्रांत सुमारे १.५२ अपवर्तनांकाचे पातळ रेझिन मुरवले की फरक जवळजवळ मिटतो आणि पट्टा शेजारच्या दातात विरून जातो. गडद तपकिरी डागावर एकट्या या पद्धतीची फार मदत होत नाही.

एवढ्यावर समाधान झाले नाही तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे चिकटवलेले भरण, आणि त्यानंतर व्हिनिअर. व्हिनिअर म्हणजे पुढच्या बाजूला चिकटवलेली सिरॅमिकची पातळ पापडी. तिच्यासाठी समोरचे साधारण अर्धा मिलिमीटर कवच काढतात, तर कॅपसाठी दात चारही बाजूंनी आणि त्याहून बराच अधिक घासावा लागतो. कॅप हा उपचार वाईट नाही. तुटलेला, मोठी कीड लागलेला किंवा रूट कॅनॉल झालेला दात ती वाचवते. तेविशीतल्या धडधाकट दातासाठी मी ती सुचवणार नाही.

सहस्रकुंड

मी हिमायतनगर तालुक्यातली, आणि माझे दात अगदी तुमच्या बहिणीसारखेच होते. तीन वर्षांपूर्वी मी मायक्रोअॅब्रेजनच्या दोन बैठका आणि पाच आठवडे रात्रीचा ट्रे, असा उपचार घेतला. डॉक्टरांनी जे लिहिले ते सगळे खरे आहे, पण एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिते. ट्रे लावलेल्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी आरशात पाहिले तर पांढरे पट्टे चुन्याचे बोट ओढल्यासारखे आणखी ठळक झाले होते. मी रडले आणि ट्रे फेकून द्यायला निघाले होते. फोन केल्यावर कळले, की सुरुवातीला पट्टे जास्त पांढरे दिसतात, पुढे आजूबाजूचा दातही उजळत जातो आणि फरक कमी होतो. दुसऱ्या आठवड्यात तसेच झाले.

ट्रेच्या काळात दातांवर रंग चढेल असे काही खायचे नसते, आणि हे पथ्य आपल्या स्वयंपाकात अवघड आहे. वरणात हळद, भाजीत काळा मसाला, दिवसातून तीनदा चहा. मी ते दिवस दूधभात, उकडलेले बटाटे आणि भाकरी यांवर काढले. सासूबाईंना वाटले की मी कसले तरी व्रत धरले आहे.

ब्लीचिंग संपल्यावर दोन दातांच्या धारेशी खोलगट डाग उरले होते, ते कॉम्पोझिटने झाकले. ते लगेच केले नाही. डॉक्टरांनी दोन आठवडे थांबवले, कारण ब्लीचिंगनंतर दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही. तेव्हा लग्नाची तारीख पाहून उलटे दिवस मोजा, ताई, आणि हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत काही ओढू नका. माझे दात आजही पांढरेशुभ्र नाहीत. अगदी जवळून पाहिले तर फिकट ढग दिसतात, पण हात हाताच्या जागी राहतो, तोंडाकडे जात नाही.

बालाघाट

डॉक्टर, एक उपप्रश्न. माझ्या पुतणीच्या मधल्या दोन दातांत फट आहे. ती नऊ वर्षांची आहे. तिच्या आईला आत्ताच भरून घ्यायची आहे.

दंतवैद्य_लातूर

घाई करू नये. या वयात मधली फट पुष्कळदा स्वाभाविक असते आणि वरचे सुळे येताना, अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास, ती आपोआप मिटू शकते. सुळे आल्यावरही राहिली तर ओठाच्या आतला पडदा खाली उतरला आहे काय ते पाहावे, आणि मग तारा लावायच्या की कॉम्पोझिटने भरायचे हे ठरवावे.

भूजल_नांदेड

दातांच्या उपचारात माझा अधिकार नाही, पण पाण्याविषयी लिहितो. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, वसलेला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, किनवटच्या बाजूला, मात्र जुने ग्रॅनाइट आणि नाइस खडक वर येतात. त्यांतील खनिजांमध्ये फ्लोराइड असते. पाणी खडकाच्या भेगांत जितका काळ मुरून राहील आणि त्यात कॅल्शियम जितके कमी असेल, तितके फ्लोराइड त्यात अधिक उतरते. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरला धोका जास्त असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

हा शोधही दातांवरूनच लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके यांना गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि १९३१ मध्ये पाण्यातील फ्लोराइड हे कारण सिद्ध झाले. आपल्याकडे मात्र अजूनही ‘पाणी मचूळ आहे’ एवढ्यावरच गोष्ट थांबते, जरी मचूळपणाचा आणि फ्लोराइडचा थेट संबंध नाही. फ्लोराइडला ना चव ना वास. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. आरओने ते कमी होते.

गोदातीर

मग फ्लोराइडची टूथपेस्टही बंद करावी काय? आमच्याकडे एक गृहस्थ सगळ्यांना राखुंडीकडे वळा म्हणून सांगत असतात.

दंतवैद्य_लातूर

नाही. कवच घडून दात बाहेर आला की त्यावर बाहेरून लागलेल्या फ्लोराइडने नवा डाग पडत नाही, कीड मात्र रोखली जाते. जपायचे ते लहान मुलांना, कारण ती पेस्ट गिळतात. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तुमच्या भागात पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल तर लहान लेकरांसाठी कोणती पेस्ट वापरावी हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. राखुंडी दात झिजवते आणि मिश्री तर तंबाखूच आहे.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन महिन्यांनी लिहीत आहे. आम्ही नंदीग्राम एक्सप्रेसने छत्रपती संभाजीनगरला जाऊन तेथील शासकीय दंत महाविद्यालयात दाखवले. रांग मोठी होती आणि पहिला दिवस नंबर, एक्स-रे आणि सफाई यांतच गेला, हेही सांगतो, म्हणजे कोणी एका दिवसाची रजा काढून जाणार नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधी दात ओले असतानाच छटांची पट्टी धरून फोटो घेतले. दात वाळला की जास्त पांढरा दिसतो आणि छटा चुकते, असे त्यांनी विद्यार्थ्यांना समजावून सांगितले. निदान फ्लोरोसिसचेच निघाले. मायक्रोअॅब्रेजन झाले, मग पाच आठवडे ट्रे झाला, आणि डाव्या बाजूच्या एका दातावर थोडे कॉम्पोझिट करायचे ठरले.

कॉम्पोझिट पक्के करण्याआधी त्यांनी ते न चिकटवता नुसते ठेवून पाहिले आणि बहिणीला बोलायला सांगितले. ‘व’ उच्चारताना वरच्या दाताची धार खालच्या ओठाला कुठे टेकते त्यावरून लांबी ठरते म्हणे. ती बिचारी ‘वावर, विहीर, वांगी, वैशाख’ असे म्हणत राहिली आणि ‘वैशाख’ला तिलाच हसू फुटले. डॉक्टर म्हणाले, आता असेच हसत राहा, मला हसतानाची धार पाहायची आहे. तेव्हा तिच्या दोन्ही हातांत रुमाल होता, पण तो तिने वर नेला नाही.

डाग पूर्ण गेलेले नाहीत. तपकिरी रंग गेला, पांढुरकी छाया उरली आहे. त्यापुढे व्हिनिअरचा विचार करायचा असल्यास वर्षभराने करा, आता नको, असे त्यांनी सांगितले आणि तिलाही तेच पटले. ऊस दातांनी सोलायचा नाही आणि चिक्की पुढच्या दातांनी तोडायची नाही, एवढी दोन बंधने कॉम्पोझिटमुळे आली आहेत. शेतात ऊस उभा असताना पहिले बंधन कठीण जात आहे.

खर्च सहा कॅपांच्या सांगितलेल्या रकमेच्या मानाने फारच थोडा झाला. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते तिने स्वतःच ठरवले. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. डॉक्टरांनी वर लिहिलेला कवचाचा हिशेब तिने मला पुन्हा वाचून दाखवला आणि विचारले, ‘दादा, याचे पुढचे दात आत्ताच घडत आहेत ना?’ तो अजूनही त्याच बोअरचे पाणी पितो. स्वयंपाकघरात आरओ बसवण्याचे ठरले आहे, पण आधी पाणी तपासून घ्यायचे आहे. भूजलवाले दादा, नमुना कसा घ्यावा?

भूजल_नांदेड

नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या. फ्लोराइडसाठी काचेची बाटली वापरू नका, कारण ते काचेशी अभिक्रिया करते. मोटार पाच-दहा मिनिटे चालू राहू द्या, म्हणजे पाइपात साचलेले पाणी निघून जाईल. मग त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळून, गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा. बाटलीवर गाव, बोअरची जागा, खोली आणि तारीख लिहा, आणि शासकीय पाणी प्रयोगशाळेत देताना फ्लोराइडचा तपास हवा असे स्पष्ट सांगा. जल जीवन मिशनमधून गावोगावी महिलांना तपासणीचे संच दिलेले आहेत. तुमच्या ग्रामपंचायतीत तो संच असेल तर पहिला अंदाज त्याच दिवशी मिळेल. आणि शाळेच्या हातपंपाचीही एक बाटली सोबत न्या.